पांढऱ्या पेशी वाढवायला पांढरा रस्सा चालतो का? (सासूबाईंचं केमो सुरू आहे)

मंगळवारपेठेची_सून | १४ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ.

सासूबाईंचं (वय ६१, वजन ४९ किलो) स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी २१००. डॉक्टर म्हणाले, "होतं असं, घाबरू नका. ताप आला तर मात्र रात्री दोन वाजता असला तरी फोन करा." इंजेक्शन लिहून दिलं. खाण्याचं विचारलं तर म्हणाले, "घरचं ताजं सगळं द्या." पुढचा पेशंट दारात उभाच होता, मी उठले.

घरी आल्यापासून मात्र आमच्याकडं सल्लागारांची रीघ लागलीय. जाऊबाईंनी पपईच्या पानांचा रस आणलाय. आत्यासासूबाई गुळवेलीचा काढा पाठवतात, रोज, डब्यातून. नणंदेनं पुण्याहून किवीची पेटी धाडली. शेजारच्या काकू म्हणतात, रक्ती (बकऱ्याचं शिजवलेलं रक्त) खायला घाल, रक्तानं रक्त वाढतं. आणि आमचे हे! "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात ना, मग पांढरा रस्सा दे." विनोदानं म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यात आखाड. शुक्रवारी टेंबलाईला (आमच्या कोल्हापूरची देवी) पाणी घालायचं, म्हणजे घरी मटण आणि पंधरा-वीस माणसं. पुढं श्रावण लागला की आई मटण सोडाच, अंड्यालाही हात लावायच्या नाहीत. नक्की काय घालू, काय नको, कुणी अनुभवी सांगेल का?

---

तालमीतलं_पोर | १४ जुलै, रात्री १०:४१

ताई, दाजींचं काय चुकलंय? 😄 पांढरा रस्सा म्हंजे मेलेला माणूस उठून बसतोय. आनी दुसरं, सकाळी गंगावेशीत जावा. म्हस समोर पिळून देत्यात, फेसाळ धारंचं दूध तिथंच उभ्यानं मारायचं. आमच्या वस्तादांचा पन्नास वर्षांचा नेम हाय ह्यो. सोबत बदामाची थंडाई. पंधरा दिवसांत पेशी काटा किर्र!

---

काचपट्टी | १४ जुलै, रात्री ११:०५

वरच्या पैलवानांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण ताई, धारोष्ण दूध अजिबात नको. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

मी इथल्याच एका लॅबमध्ये बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघतोय. कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप येतो, क्षयाचे जंतूही येऊ शकतात. धडधाकट पैलवानाचं एक वेळ निभावेल, ज्यांच्या पेशी २१०० आहेत त्यांचं नाही. आणि गंमत बघा, ब्रुसेलाच्या तापात पांढऱ्या पेशी वाढायच्या ऐवजी कमीसुद्धा होतात. दूध द्या, भरपूर द्या, उकळून द्या.

आता एक काम करा. रिपोर्टमध्ये एकूण आकड्याखाली न्यूट्रोफिल किती टक्के लिहिलेत ते सांगा.

---

मंगळवारपेठेची_सून | १४ जुलै, रात्री ११:१२

न्यूट्रोफिल ३८, लिम्फोसाइट ५०. हे काय असतं?

---

काचपट्टी | १४ जुलै, रात्री ११:५८

पांढरी पेशी ही एक जात नाही, तालमीत जसे निरनिराळ्या वजनगटांचे मल्ल असतात तसं ते आहे. जिवाणू आणि बुरशीशी पहिली झटापट करतात ते न्यूट्रोफिल. म्हणून केमोच्या रुग्णात डॉक्टर एकूण आकड्यापेक्षा त्यांच्याकडं बघतात. २१०० चे ३८ टक्के म्हणजे सुमारे ८००. सर्वसाधारणपणे १५०० च्या खाली कमी म्हणतात, ५०० च्या खाली फार कमी. (एकूण पांढऱ्या पेशी साधारण ४००० ते ११००० असतात, लॅबप्रमाणे थोडा फरक.) तुमच्या सासूबाई मधल्या टप्प्यात आहेत. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत आकडा तळाला जातो आणि मग वर येतो. तुम्ही दहाव्या दिवशी तपासलंत, म्हणजे नेमका तळ मोजलात.

आता तुमचा मूळ प्रश्न. कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळ सांगितलं की लगेच कळतं. हाडांतला मगज हे गुऱ्हाळ. धडधाकट माणसाच्या मगजात दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. त्यातला एकेक रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस फिरतो आणि ऊतींमध्ये जाऊन संपतो. म्हणजे चुलाण सतत पेटलेलं लागतं. केमोचं औषध भराभर विभागणाऱ्या पेशींवर पडतं, म्हणून केस गळतात, तोंड येतं आणि मगजाचं चुलाण थंडावतं.

अन्न म्हणजे ऊस. प्रथिनं, बी१२, फोलेट, तांबं हे नसलं तर चुलाण पेटलेलं असूनही काहिलीत काही पडत नाही. तिथं आहारानं आकडा खरोखर सुधारतो. पण तुमच्याकडं ऊस कमी पडलेला नाही, चुलाण विझलंय. फडातला सगळा ऊस आणून ओतला तरी गूळ होणार नाही. चुलाण पेटवायचं काम ते इंजेक्शन करतं. मगजाला पेशी बनवायचा जो नैसर्गिक निरोप जातो, त्याचीच कारखान्यात केलेली प्रत आहे ती. १९९१ पासून वापरात आहे. घेतल्यावर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतील, घाबरू नका. गुऱ्हाळ चालू झाल्याची खूण समजा, पण डॉक्टरांना सांगा.

मग जेवण कशाला? चुलाण पेटेल तेव्हा फड रिकामा असू नये म्हणून. आणि तोवर जेवणातून जंतू जाऊ नयेत म्हणून.

---

निवृत्त_मास्तर | १५ जुलै, सकाळी ६:३०

काचपट्टी, उसाचं उदाहरण झकास. मी ऊस न मिळालेलं गुऱ्हाळ! पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, अंडंही नाही. तीन वर्षांपूर्वी हातापायांना मुंग्या, जिभेची आग, चार पायऱ्या चढलं की धाप. पांढऱ्या पेशी ३१०० आल्या. घरात रडारड, कारण जो-तो गूगलवर भलतंच वाचून आला. निघालं काय तर बी१२ नाही! इंजेक्शनं घेतली, दोन महिन्यांत आकडा ठिकाणावर.

---

काचपट्टी | १५ जुलै, सकाळी ७:१५

मास्तर, तुमच्यासारख्यांची काच बघताक्षणी ओळखू येते. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला साधारण तीन-चार पाकळ्या असतात. बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की पाच-सहा पाकळ्यांचे दिसायला लागतात. यंत्र नुसता आकडा देतं, काच गोष्ट सांगते. (आमच्या धंद्याची जाहिरात समजा.)

शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्या, बी१२ पालेभाजीत नाही, डाळीत नाही, बदामातही नाही. दूध-दही-ताकात थोडं, अंडी-मासे-मटणात चांगलं, काळजात (म्हणजे यकृतात) सगळ्यांत जास्त. शरीराचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते. फोलेटचा साठा मात्र तीन-चार महिन्यांत आटतो.

---

पथ्यपाणी | १५ जुलै, दुपारी २:०५

मी आहारतज्ज्ञ आहे, कर्करोगाच्या रुग्णांसोबतच काम करते. सूनबाई, आलेल्या एकेका डब्याबद्दल सांगते.

पपईची पानं: त्यांचा बोलबाला डेंग्यूतल्या प्लेटलेट्ससाठी आहे, पांढऱ्या पेशींसाठी नाही. डेंग्यूत दोन्ही आकडे पडतात आणि पुढं आपोआप वर येतात, त्यामुळं लोकांच्या डोक्यात घोटाळा झालाय. कच्चा, कडू, न शिजवलेला रस आईंना देऊ नका.

गुळवेल: इथं मी कडक आहे. केमोची बरीचशी औषधं यकृतातून जातात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. त्यांचा वाद चालू दे, आपण केमो चालू असताना त्यात पडायचं नाही. आत्याबाईंना डॉक्टरांचं नाव सांगा, म्हणजे वाईटपणा तुमच्याकडं येणार नाही.

किवी: चांगलं फळ आहे, खाऊ दे. पण संपली की पुन्हा मागवू नका. क जीवनसत्त्वासाठी म्हणत असाल तर आपला पेरू किवीच्या पुढं आहे आणि आवळा पेरूच्याही पुढं. शिवाय क जीवनसत्त्वानं पेशींचा *आकडा* वाढत नाही, असलेल्या पेशींना काम करायला ते लागतं. पेरू धुऊन, साल काढून द्या. साल काढता येते अशी फळं सध्या बरी: केळी, संत्री, मोसंबी, पपई. द्राक्षं नकोत.

रक्ती: लोह आणि प्रथिनं आहेत, पण लोहाचा संबंध लाल पेशींशी. काकूंचं म्हणणं अर्धं खरं, फक्त रंग चुकला. ती कुठून आली, किती वेळ उघडी होती, याचा भरवसा नसतो. सध्या नको. नळी ओरपून मगज वाढतो हेही कुणीतरी सांगेलच, तर तो पोटात गेल्यावर नुसती चरबी असतो.

आणि पांढरा रस्सा! यजमानांना सांगा, चालेल, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे. केमोनं तोंड आलेलं असतं, तांबडा घशाखाली उतरत नाही. पांढऱ्यात लाल तिखट नाही, नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ. काजू-तिळातून तांबं मिळतं, तेही मगजाला लागतं. मिरी कमी करा, खळखळून उकळा, गरम गरम द्या. एक मात्र सांगते, रस्सा चार वाट्या आईंना आणि फोडी पाहुण्यांच्या ताटात, असं करू नका! प्रथिनं फोडींत असतात. मऊ शिजलेल्या चार-पाच फोडी आणि नीट शिजवलेला काळजाचा एखादा तुकडा.

---

मंगळवारपेठेची_सून | १५ जुलै, दुपारी ३:४०

पथ्यपाणी ताई, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का हो? फोडी पाहुण्यांच्या ताटात, अगदी असंच होतं!! 🙏

प्रथिनं किती द्यायची?

---

पथ्यपाणी | १५ जुलै, दुपारी ४:३०

केमोत किलोमागं एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत. ४९ किलोला ६० ते ७० धरा. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे लागू नाही, डॉक्टरांना विचारा.) ऐकायला सोपं वाटतं, पण एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच. भूक मेलेल्या माणसाला एका बैठकीत एवढं जात नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं. नाचणीची आंबील करता ना, सध्या ती न आंबवता दुधात शिजवा. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळं बलक वाहणारं नको. मटकीची उसळ शिजवून, मोड आलेलं कच्चं कडधान्य नाही. भुईमुगाचे दाणे भाजून, ताजे. खवट किंवा बुरशीचा वास आलेले फेकून द्या.

फोलेटसाठी तांदळी, अळू, पालक, हरभरा, मूग. पावसाळ्याच्या पालेभाजीला चिखल असतो, तीन-चार पाण्यांत धुवा. आणि शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्यातच उतरतं. अळूची पातळ भाजी म्हणून तर उत्तम.

---

देशी_वैद्य_फॅन | १५ जुलै, सायं ७:२२

सगळं गोळ्या-इंजेक्शनवाल्यांचं प्रचारतंत्र. आमच्या आजीनं आयुष्यभर गुळवेल घेतली, ९२ वर्षं जगली. तुमच्या केमोनंच पेशी मरतात हे तुम्हीच वर लिहिलंय की!

---

काचपट्टी | १५ जुलै, सायं ७:५०

आजीबाईंना नमस्कार. त्यांना केमो चालू नव्हतं, एवढाच फरक. आणि हो, केमोनं पेशी मरतात, म्हणूनच तर ते कर्करोगावर चालतं. लपवलं कुणी?

---

उद्यमनगरवाला | १५ जुलै, रात्री ९:१०

माझा किस्सा सांगतो, कारण मी शहाणपणानं पेशी घालवल्या. कोविडमध्ये सगळ्यांसारखी झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. कोविड गेला, गोळी राहिली. प्रतिकारशक्ती! दीड वर्ष रोज. मग दम लागायला लागला, हिमोग्लोबिन कमी, न्यूट्रोफिल ९००. मगजाची तपासणी करायची वेळ आली, तेवढ्यात एका डॉक्टरांनी सहज विचारलं, "दुसरं काय घेता?" झिंक जास्त झालं की आतडं तांबं आत घेत नाही, आणि तांबं नसलं की मगज पेशी सोडत नाही म्हणे. गोळी बंद, तांब्याचं औषध, काही आठवड्यांत आकडा वर. प्रतिकारशक्ती वाढवायची गोळी खाऊन प्रतिकारशक्ती घालवणारा उद्यमनगरात मी एकटाच असेन.

---

तालमीतलं_पोर | १५ जुलै, रात्री ९:१८

मग तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्यायला लागा की भावा 😄

---

शाहूपुरीची_ताई | १६ जुलै, सकाळी ११:००

धागा केमोचा आहे, पण एक सांगून ठेवते. माझ्या बहिणीचं थायरॉइड जास्त चालत होतं, त्यासाठी तिला कार्बिमाझोलची गोळी चालू होती. घसा दुखला, ताप आला, घरचे म्हणाले पावसाळा आहे, हळद-दूध पी. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीतच. गोळीचा दुष्परिणाम, क्वचित होतो, पण होतो. गोळी थांबवल्यावर पेशी परत आल्या. ही गोळी घेणाऱ्यानं घसा दुखून ताप आला तर हळद-दुधावर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं आणि रक्त तपासावं.

---

काचपट्टी | १६ जुलै, दुपारी १२:३०

ताई, फार मोलाचं लिहिलंत. टायफॉइड, डेंग्यू, साधा व्हायरल ताप, वाढलेली प्लीहा, कितीतरी कारणांनी आकडा पडतो. म्हणून "पेशी कमी, काय खाऊ?" विचारायच्या आधी "का कमी?" विचारा. आणि उलटंही, जास्त आकडा म्हणजे जास्त ताकद असं नाही. जंतुसंसर्गात वाढतो, स्टिरॉइडनं वाढतो, बिडी-सिगारेटनंही थोडा वाढतो. आमच्याकडं एक गृहस्थ १३००० चा रिपोर्ट मित्रांना दाखवत होते, परीक्षेचे गुण असल्यासारखा!

सूनबाई, परवाच्या शुक्रवारचं बघा. वीस माणसं, त्यात एखाद्याला तरी सर्दी असणारच.

---

मंगळवारपेठेची_सून | १९ जुलै, रात्री ११:३०

उशिरा लिहितेय, माफ करा. शुक्रवार पार पडला.

माणसं वीसच्या ऐवजी सात केली. ह्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, हे मला अपेक्षित नव्हतं. पी ढबाक वाद्यांच्या गजरात बाकीचे टेंबलाईला जाऊन आले, आई वरच्या खोलीत खिडकीतून बघत बसल्या. त्यांचा रस्सा आधी वेगळा काढला, मिरी जवळजवळ नाहीच. फोडी मऊ, काळजाचा तुकडा. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी ताट संपवलं. तोंडात फोड आहेत, पण नारळाचं दूध झोंबलं नाही म्हणाल्या.

एक चूक झाली. पाहुण्यांपैकी कुणीतरी प्रेमानं त्यांना खासबागेतली भेळ आणून दिली, कच्चा कांदा-कोथिंबीर घालून. मी स्वयंपाकघरात. दोन घास गेले तेव्हा बघितलं. रात्रभर दर दोन तासांनी थर्मामीटर. ९८.४, ९८.६, ९८.२. झोपल्या शांत, मीच जागी. कच्चं अजिबात बंदच ठेवायचं का?

---

पथ्यपाणी | २० जुलै, सकाळी ९:१५

दोन घासांनी अजून काही झालं नाही, आता बहुधा होणार नाही, झोपा. कच्चं सरसकट बंद ठेवून संसर्ग कमी होतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. २०१९ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही नाही. म्हणून पूर्वीचे कडक नियम पुष्कळ ठिकाणी सैल झालेत. घरी स्वतः धुतलेली, सोललेली काकडी आणि गाडीवर सकाळपासून चिरून ठेवलेला कांदा यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावसाळ्यात पाणी उकळून. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, खाताना वाफ येईपर्यंत गरम. थर्मामीटर १००.४ दाखवील तेव्हा मात्र घरची क्रोसिन देऊन वाट बघू नका, थेट डॉक्टर.

---

मंगळवारपेठेची_सून | २३ जुलै, सायं ६:०५

रिपोर्ट आला!! पांढऱ्या पेशी ६८००, न्यूट्रोफिल ६४ टक्के. काचपट्टी दादा, गुणाकार मी स्वतः केला: ४३५२. तिसरं केमो ठरल्या तारखेला.

हाडं ठणकली, दोन रात्री कंबर शेकली. डॉक्टर म्हणाले इंजेक्शननं काम केलं, जेवण चांगलं चाललंय तेही दिसतंय, वजन अर्धा किलो वाढलंय. घरी मात्र श्रेयाची वाटणी चालू आहे. जाऊबाई म्हणतात पपईचा गुण आला. त्यांना कसं सांगू, रस रोज परसातल्या जास्वंदीला जात होता? (जास्वंद टवटवीत आहे.) आणि हे सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत, "मी म्हणालो नव्हतो, पांढरा रस्सा!"

---

तालमीतलं_पोर | २३ जुलै, सायं ६:११

दाजी नाद खुळा 🔥

---

निवृत्त_मास्तर | २३ जुलै, रात्री ८:००

अभिनंदन! श्रावणाचं काय ठरलं? मी शाकाहारी, म्हणून सांगू शकतो: पनीर घरी करा, दूध उकळून लिंबू पिळून. मूग-तांदळाची पातळ खिचडी, त्यात तूप आणि भाजलेल्या तिळाचं कूट. सोयाबीन गव्हात दळून आणा, पोळीत कळत नाही. ऐंशी टक्के काम होतं.

---

मंगळवारपेठेची_सून | २३ जुलै, रात्री ९:२५

मास्तर, सगळं लिहून घेतलं. पण आज दुपारी गंमत झाली. मी भीतभीत विषय काढला, आई, श्रावणात अंड्याचं कसं करायचं? त्या देवघराकडं बघून म्हणाल्या, "अगं, मी अंबाबाईशी बोललेय. औंदा उकडून दे म्हणाली, पुढच्या वर्षी बघू."